गाडीचे गोत्र

माणूस बोलू लागला की त्याचे गाव कळते. किनवटकडचा कोण, देगलूरकडचा कोण आणि लातूरकडचा कोण, हे ओळखायला आपल्याला त्याचा पत्ता विचारावा लागत नाही. यंत्राचेही तसेच असावे असे मला वाटते. ज्या देशात ते जन्मते त्या देशाचे रस्ते, तिथले कायदे, तिथल्या लोकांचा खिसा आणि त्यांची घाई किंवा सबुरी, हे सारे त्याच्या अंगात उतरते. पुढे ते यंत्र सातासमुद्रापार गेले तरी हा जन्मजात स्वभाव सुटता सुटत नाही.

हा विचार मला कुठल्या ग्रंथात सापडला नाही. तो माझ्या आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, बोलण्यातून हळूहळू माझ्या मनात उतरला. आबांनी पस्तीस वर्षे मालट्रक चालवले. १९६२ साली पंधराव्या वर्षी ते क्लीनर म्हणून गाडीवर चढले आणि पन्नाशी उलटल्यावर ड्रायव्हर म्हणून खाली उतरले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. पण इंजिनाचा आवाज ऐकून गाडी ‘इंग्लिश’ की ‘अमेरिकन’ हे ते डोळे मिटून सांगत. आपण वाङ्मयाच्या वर्गात दोन कवींची तुलना करतो, दोन कादंबऱ्यांची करतो. मग दोन देशांच्या मालट्रकांची का करू नये? मी ती आबांना विचारून आणि चार पुस्तके चाळून करून पाहिली. तिच्यातून जे निघाले ते मला अनपेक्षित होते, म्हणून इथे लिहीत आहे.

भोकर हे वाटेवरचे गाव. कल्याणहून निघालेला रस्ता माळशेज घाटाने वर येतो, नगर, परभणी, नांदेड अशी गावे घेत भोकरला पोचतो आणि पुढे भैंसामार्गे निर्मलला नागपूर-हैदराबाद रस्त्याला मिळतो. आता त्याला राष्ट्रीय महामार्ग ६१ असे भारदस्त नाव आहे. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वेही गावातून जाते. तरी शेतमालाचा खरा भरवसा रस्त्यावरच. अर्धापूरची केळी, धर्माबादची मिरची, किनवटच्या जंगलातले सागवान, लातूरची तूर आणि डाळ, हा सगळा माल आबांच्या आयुष्याच्या हिशेबात टनांनी नव्हे, रात्रींनी मोजला जातो. मुंबई म्हणजे दोन रात्री, दिल्ली म्हणजे चार-पाच, आणि गाडी बिघडली तर देव जाणे किती.

आमचा हा मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यात होता. १९३२ च्या जून महिन्यात निजाम स्टेट रेल्वेने २७ गाड्यांवर आपले रस्ता वाहतूक खाते सुरू केले. त्या वेळच्या अल्बियन गाड्या स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून आलेल्या होत्या. म्हणजे हैदराबाद संस्थानच्या रस्त्यांनी ब्रिटिश गाडीचे तोंड आधी पाहिले. तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-नगर अशी पहिली एसटी धावली. त्या काळात एसटीकडे दहा जातींच्या गाड्या होत्या. शेव्हरोले, फोर्ड आणि स्टुडबेकर या अमेरिकन. बेडफर्ड, लेलँड, अल्बियन, मॉरिस कमर्शियल, कॉमर आणि सेडन या ब्रिटिश. आणि एकटी फियाट इटलीची. एका गोठ्यात दहा जातींची जनावरे बांधावीत तसा हा प्रकार.

या गोठ्याची कळ सगळ्यात जास्त सोसली ती मिस्त्र्यांनी. ब्रिटिश गाड्यांचे नट-बोल्ट बहुधा व्हिटवर्थच्या मापाचे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने १८४१ साली ते माप ठरवले, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकन आट्याचा कोन ६० अंशांचा. दोन्ही मापे इंचांचीच, पण इकडचा नट तिकडच्या बोल्टवर बसत नाही आणि इकडचा पाना तिकडे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही सैन्ये खांद्याला खांदा लावून लढत असताना त्यांच्या सुट्या भागांचे मात्र एकमेकांशी जमत नव्हते. अखेर नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकच आटा मान्य केला. तोवर जगभरच्या मिस्त्र्यांनी पान्यांचे दोन दोन संच बाळगले. आबांचे पहिले उस्ताद दोन्ही संच एकाच पोत्यात ठेवीत, आणि पोत्यात हात घालून नुसत्या बोटांच्या चाचपणीवर हवा तो पाना बाहेर काढीत.

आबांची पहिली गाडी अमेरिकन होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या जीएमसी कंपनीचे अडीच टनी, दहा चाकांचे ट्रक साडेपाच लाखांवर बनवले. आसामातून ब्रह्मदेशामार्गे चीनला जाणाऱ्या लेडो रस्त्यावर अमेरिकन गाड्यांचीच रांग असे. युद्ध संपले आणि परत नेण्यापेक्षा इथेच विकलेल्या बरे म्हणून लष्कराच्या गाड्या लिलावात निघाल्या. त्यांना सगळे ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणत. हातोहात फिरत त्यातली एक १९६२ साली किनवटच्या जंगलातून सागाचे ओंडके ओढत होती. लढाईसाठी जन्मलेली ती गाडी आबांच्या वाट्याला आली तेव्हा आबांपेक्षाही वयाने मोठी होती.

तिचे स्टेअरिंग डाव्या बाजूला. अमेरिकेत रस्त्याच्या उजवीकडून जातात, म्हणून तिथे ते योग्यच. आमच्याकडे मात्र ड्रायव्हर डावीकडे नालीच्या अंगाला आणि क्लीनर उजवीकडे रस्त्याच्या मध्यावर, असा उलटा संसार होई. पुढची बैलगाडी ओलांडायची तर समोरून कोण येते ते क्लीनरलाच दिसे. आबा सांगतात, “मी ‘जाऊ द्या’ म्हनलो की उस्ताद गाडी काढायचे. पंधरा वर्साचं पोर म्या. पर तेवढ्यापुरता समद्यांचा जीव माझ्या जिभेवर असायचा.”

तिला सुरू करायला पुढून लोखंडी हँडल मारावे लागे. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या समोर आणायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा उस्तादांचा पहिला धडा. इंजिनाने उलटा फटका दिला तर हँडल मोकळे सुटते आणि मनगट वाचते. हा धडा कुठल्या पुस्तकात आहे की नाही मला ठाऊक नाही. पण आबांचे दोन्ही अंगठे आजही शाबूत आहेत, हे त्याचे प्रमाणपत्र.

ती गाडी पेट्रोलवर चाले. इंजिन सुमारे साडेचार लिटरांचे, ताकद सुमारे शंभर घोड्यांची, आणि ती ताकद मिळायला इंजिन मिनिटाला पावणेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास गरगरावे लागे. आवाज मऊ, उठाव झटकन. पण पिण्याची तहान मोठी. अमेरिकेत पेट्रोल मुबलक आणि स्वस्त, देश अफाट, न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिस म्हणजे अडीच-पावणेतीन हजार मैलांची वाट. तिथे वेळ महाग आणि तेल स्वस्त. आमच्याकडे याच्या नेमके उलट. आबांच्या भाषेत, “अमेरिकन गाडी उधळ्या पोरावानी. पळंल तर लई पळंल, पर बापाचा खिसा रिकामा करंल.”

वाचताना मला एक गंमत सापडली. वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा गावी पीटरमन नावाचा एक लाकडाचा व्यापारी होता. जंगलातून ओंडके आणायला त्याला मनासारखा ट्रक मिळेना. मग १९३९ साली त्याने फेजॉल नावाच्या डबघाईला आलेल्या कंपनीचा कारखाना विकत घेतला आणि तिथे आपले ट्रक बांधले. तेच आजचे प्रसिद्ध पीटरबिल्ट. हे मी आबांना सांगितले तेव्हा ते हसले. “त्याला जंगलासाठी गाडी बांधता आली. आमाला जंगल गाडीच्या मापाचं करावं लागलं,” ते म्हणाले. ओंडका गाडीत मावत नसे, म्हणून करवतीने कापून तो लहान करावा लागे. लहान झाला की त्याचा भावही उतरे. एकाच कामाला दोन देशांत दोन उत्तरे.

आता इंग्लंडकडे पाहू. देश लहान, रस्ते वळणाचे, गावे जवळजवळ. तिथे तीन टनांपेक्षा जास्त रिकाम्या वजनाच्या मालट्रकाला १९५७ पर्यंत ताशी २० मैलांच्या वर धावण्याची परवानगीच नव्हती. त्या वर्षी ती मर्यादा ३० मैल झाली. २० मैल म्हणजे ३२ किलोमीटर. शर्यतीची सायकलही तेवढी धावते. त्यात १९३२ साली सर आर्थर सॉल्टर यांच्या अध्यक्षतेखाली रेल्वे आणि रस्ता वाहतुकीचा विचार करणारी परिषद भरली, आणि त्यानंतर गाडीच्या रिकाम्या वजनावर भारी कर बसू लागला. मग कारखानदारांनी काय केले? गाडीचे स्वतःचे वजन तोळ्यातोळ्याने घटवले. लांबीवरही बंधन होते, म्हणून पुढचे लांब नाक काढून टाकले आणि ड्रायव्हरला थेट इंजिनाच्या शेजारी नेऊन बसवले. माल ठेवायला तेवढीच जागा वाढली.

त्या गाड्यांत गार्डनर कंपनीच्या डिझेल इंजिनाची फार वाखाणणी होत असे. त्यांचे ६एलडब्ल्यू हे सहा सिलिंडरांचे इंजिन ८.४ लिटरांचे, म्हणजे त्या अमेरिकन इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट. ताकद मात्र तेवढीच, शंभर घोड्यांच्या आसपास. आणि तीही मिनिटाला फक्त १७०० फेऱ्यांत. वरवर पाहता हा मूर्खपणा वाटेल. दुप्पट मोठे इंजिन आणि ताकद सारखीच! पण जे यंत्र सावकाश फिरते ते सावकाश झिजते आणि थोडे पिते. वेगावर कायद्याचीच वेसण असताना धावण्याची ताकद घेऊन करायचे काय? इंग्रजांनी वेग सोडला आणि टिकाऊपणा घेतला.

हे गार्डनर आबांनी पाहिले नाही. त्यांच्या वाट्याला आली बेडफर्ड, हिंदुस्थान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनवलेली. तिच्यावर ते आठ वर्षे होते. “इंग्लिश गाडी म्हंजे सालगड्यावानी,” आबा म्हणतात. “घाई न्हाई, पर काम टाकून पळायची बी न्हाई. सीताखांडीच्या चढाला दुसऱ्या गिअरात टाकली की आपुन तंबाखू मळून घ्यावी. ती आपली चढत ऱ्हाती.”

इथवर सगळे सोपे होते. अमेरिकन गाडी दमदार, मोकळी, खर्चिक. ब्रिटिश गाडी सबुरीची, काटकसरी, जड स्टेअरिंगची. परीक्षेत या प्रश्नाला दहापैकी सात गुण नक्कीच मिळाले असते. पण पुढे वाचू लागले तसे हे चौकटबंद उत्तर मोडत गेले.

आबांची ‘इंग्लिश’ बेडफर्ड घ्या. ती बनवणारी इंग्लंडमधली व्हॉक्सहॉल कंपनी १९२५ पासूनच अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या मालकीची होती. १९३१ साली बेडफर्ड हे नाव बाजारात आले तेव्हा त्या पहिल्या ट्रकाचे इंजिन अमेरिकन शेव्हरोलेच्या वळणावर बेतलेले होते. म्हणजे आबांचा हा सालगडी आजोळकडून अमेरिकनच! आणि आबांनी बेडफर्डनंतर चालवलेली ‘अमेरिकन’ डॉज? ती मुंबईतल्या कुर्ल्याची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, आणि १९४७ साली पहिली गाडी कारखान्याबाहेर काढली. डॉज आणि फार्गो हे ट्रक तिथले. नाव अमेरिकन, नाक अमेरिकन, पण पोटात डिझेलचे इंजिन पर्किन्सचे. पर्किन्स म्हणजे इंग्लंडमधल्या पीटरबरो गावची कंपनी. मद्रासची सिम्प्सन कंपनी ती इंजिने इथे बनवी. पेट्रोल परवडेना म्हणून अमेरिकन देहात इंग्रज काळीज बसवावे लागले.

लेलँडची कथाही अशीच. १९४८ साली रघुनंदन सरन यांनी मद्रासला मुलाच्या नावाने अशोक मोटर्स काढली, ती ऑस्टिनच्या मोटारी जोडण्यासाठी. पुढे इंग्लंडच्या लेलँडशी संबंध जुळला आणि १९५५ साली कंपनीचे नाव अशोक लेलँड झाले. एका मुलाचे नाव आणि लँकेशायरमधल्या एका गावाचे नाव, यांचा असा हा जोड. त्याआधी मुंबईत गाड्या जोडणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्यांनी, इथे सुटे भाग बनवल्याशिवाय नुसती जोडणी करता येणार नाही असे सरकारी धोरण १९५३ साली ठरल्यावर, आपला गाशा गुंडाळला. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बनवायला सुरुवात केली, आणि पुढच्या काळात हा तिसराच पाहुणा इंग्रज-अमेरिकन दोघांनाही मागे सारून घरचा धनी झाला.

तेव्हा गोत्र शोधत जावे तर ते कुठेच शुद्ध सापडत नाही. अमेरिकेतही तेच. तिथे अनेक राज्यांत गाडीच्या एकूण लांबीवर बंधन होते तोवर अमेरिकन कारखानेही इंग्रजांसारखे सपाट तोंडाचे ट्रक बनवत होते. १९८२ च्या कायद्याने ते बंधन काढले आणि लांब नाकाचे ट्रक पुन्हा वाढले. म्हणजे नाक अमेरिकन रक्तातले नव्हते, कायद्यातले होते. इंग्लंडमध्ये १९५९ साली लंडनहून उत्तरेकडे जाणारा एम-१ हा मोटारमार्ग खुला झाला आणि त्यानंतर सबुरीच्या इंग्रज गाड्यांनाही वेगाची ओढ लागली. गाडीचा स्वभाव रक्ताने ठरत नाही. तो रस्त्याने, कराने आणि तेलाच्या भावाने ठरतो. माणसांविषयीही हे खरे असावे, पण तो विषय वेगळा.

मी आबांना सरळ विचारले, “आबा, लांबच्या भाड्याला कोणती गाडी चांगली?”

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, “घाई असंल तर अमेरिकन. तेलाचे पैसे आपल्या खिशातून जात असतील तर इंग्लिश. आन आपल्या रस्त्यावर म्हनशील, तर जी वाटंत बिघडली आन वाटंतच दुरुस्त झाली, ती.”

हे उत्तर मला कोणत्याही पुस्तकातल्या उत्तरापेक्षा मोलाचे वाटते. निर्मलच्या पुढे महबूब घाटात रात्री दोन वाजता पाटा तुटला, तर तिथे कोणत्या देशाचा अभियंता येणार? आबा आणि क्लीनर लाकडी ठोकळा अडवून, जॅक लावून, तुटलेल्या पाट्याला जुन्या पट्टीचा आणि तारेचा आधार देत. डिझेलच्या नळीत हवा शिरली तर ती काढायला पाना आणि तोंड एवढीच हत्यारे. गाडीवर कंपनीने ठरवलेल्या वजनापेक्षा जास्त माल चढे, म्हणून मूळच्या पाट्यांत दोन-तीन पाटे वाढवून घेत. चेसिस कंपनीची, पण मागची लाकडी बॉडी, पुढची केबिन, टप आणि फाळका हे सगळे आपल्याकडच्या सुतार-लोहारांनी उभे केलेले. गाडी दोन वर्षे आमच्या रस्त्यावर चालली की ती इंग्लिशही उरत नसे आणि अमेरिकनही. ती नांदेडची होई.

मागच्या दिवाळीत मी मोबाइलवर जुन्या गाड्यांची चित्रे शोधून आबांना दाखवली. त्यांची बेडफर्ड दाखवली, डॉज दाखवली. ते प्रत्येकीवर काहीबाही बोलले. मग अमेरिकेतला लांब नाकाचा, चकचकीत पीटरबिल्ट दाखवला. मला वाटले, ते आता इंजिनाची ताकद विचारतील, चाके मोजतील. त्यांनी चष्मा सावरला, केबिनमागच्या पेटीसारख्या भागावर बोट ठेवले आणि विचारले, “माय, ह्यो काय कोठा हाय?”

“ड्रायव्हरला झोपायची जागा आहे, आबा. आत गादी असते.”

ते बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिले. “अन् इंग्लिश गाडीत?”

मी वाचले होते ते सांगितले. इंग्लंडमध्ये अंतरे लहान, म्हणून जुन्या गाड्यांत झोपायची सोय बहुधा नसे. ड्रायव्हर वाटेवरच्या खाणावळीवजा घरांत मुक्काम करीत. तिथल्या १९३० च्या कायद्याने ड्रायव्हरला सलग साडेपाच तासांहून अधिक आणि चोवीस तासांत अकरा तासांहून अधिक गाडी चालवण्यास मनाई होती. अमेरिकेतही त्याच दशकात तासांची मर्यादा आली.

“आमाला न्हवता का असा कायदा?”

होता. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. आबांच्या मालकाच्या दोन गाड्या होत्या. दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर. चार. हिशेब मी मनातल्या मनात केला आणि आबांना सांगितला नाही.

आबा पस्तीस वर्षे कुठे झोपले? कधी सीटच्या फळीवर पाय दुमडून, कधी टपावर ताडपत्री पांघरून, आणि उन्हाळ्यात गाडीखाली दोराची झोळी बांधून, कारण तिथे तेवढीच सावली. त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा आजही काळा आहे. तो खिडकीचा हात. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येते; तो इंजिनाकडचा कान. त्यांच्या डाव्या पोटरीचे कातडे कोरडे, राठ झाले आहे. तो पाय इंजिनाच्या झाकणाला लागून असे. आपण ज्याला इंग्रज कारखानदाराची हुशारी म्हणतो, नाक काढून ड्रायव्हरला इंजिनाशेजारी बसवण्याची, तिची उष्णता आमच्या मराठवाड्याच्या मे महिन्यात कशी लागते, हे लँकेशायरच्या थंडीत कुणाला सुचणार? तिथे ती ऊब होती. इथे ती भट्टी झाली.

तुलनेच्या ज्या ज्या पुस्तकात मी पाहिले, तिथे अश्वशक्ती होती, टन होते, गिअरांची संख्या होती, मैलाला लागणारे तेल होते. माणूस फारसा नव्हता. आबांच्या एका प्रश्नाने माझी सगळी तुलना दुसऱ्या पायावर उभी केली. कोणती गाडी जास्त माल नेते, हा एक प्रश्न. ती गाडी नेणाऱ्या माणसाला काय उरू देते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात कधी इंग्रज जिंकतो, कधी अमेरिकन. दुसऱ्या प्रश्नात त्या दोघांनाही त्यांच्या देशातल्या कायद्यांनी थोडेबहुत तरी उत्तर द्यायला लावले. आम्ही त्यांच्या गाड्या आणल्या, त्यांची इंजिने इथे बनवली, त्यांचे आटे आणि पाने शिकलो. त्यांच्या ड्रायव्हरची झोप मात्र आयात करायची राहून गेली.

आता काही बदलते आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. ही बातमी मी आबांना वाचून दाखवली. “बरं झालं,” एवढेच ते म्हणाले. त्यात कडवटपणा नव्हता. पुढच्या माणसाला पाणी मिळाले की मागच्याला बरे वाटते, तसे ते म्हणणे होते.

ज्या गाड्यांविषयी हे सारे लिहिले त्या आता गेल्या आहेत. बेडफर्डचे ट्रक बनवणे जनरल मोटर्सने १९८६ च्या सुमारास सोडले. डॉज आणि फार्गो भंगारात गेल्या. आणि गोत्राची शेवटची गंमत अशी, की इंग्लंडमधल्या लेलँड गावचा ट्रक कारखाना १९९८ साली अमेरिकेच्या पॅकार कंपनीने घेतला. तीच कंपनी जिच्याकडे केनवर्थ आणि पीटरबिल्टही आहेत. इंग्रज-अमेरिकन हा वाद त्यांच्या घरातच मिटला. लेलँड हे नाव ठळक अक्षरांत वाचायचे असेल तर ते इंग्लंडपेक्षा आमच्या महामार्गावरच अधिक दिसेल, ‘अशोक’च्या शेजारी.

आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलामुलींपैकी कितीतरी जणांच्या घरी कुणी ना कुणी गाडीवर असेल; ड्रायव्हर, क्लीनर, हमाल किंवा मिस्त्री. आपण मराठी साहित्यात बैलगाडीवर भरपूर वाचतो. तिच्या चाकांचा आवाज, घुंगरे, धूळ, सगळे आपल्याला पाठ आहे. पण आपल्यातल्या अनेकांच्या शिक्षणाची फी बैलांनी भरलेली नाही. ती रात्री दोन वाजता घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या एखाद्या गाडीने भरलेली आहे. त्या गाडीचे गोत्र जरूर शोधावे. त्यात इतिहास आहे, भूगोल आहे, अर्थशास्त्रही आहे. पण शोधताना तिच्या मालकाला विचारण्याआधी तिच्या ड्रायव्हरला विचारावे. पहिला प्रश्न ताकदीचा नसावा. रात्री कुठे निजता, हा असावा. त्याच्या उत्तरावरून गाडी कोणत्या देशाची आहे ते कळणार नाही कदाचित; पण देश कसा आहे, हे बरेचसे कळेल.